निद्रारोग: गोळ्या आल्यावर पाठीतील पाणी तपासण्याची गरज उरते का?

प्रश्न:
आमच्या औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आफ्रिकेतील निद्रारोगाच्या पहिल्या अवस्थेसाठी पेंटामिडीन आणि परजीवी मेंदूपर्यंत पोहोचल्यावर मेलार्सोप्रॉल, अशी विभागणी दिली आहे. फेक्सिनिडाझोलच्या गोळ्या दोन्ही अवस्थांत चालतात, असे आता वाचनात आले. मग अवस्था ठरवण्यासाठी पाठीतील पाणी काढणे थांबले आहे का?

प्रतिसाद १:
सरसकट थांबलेले नाही. पश्चिम व मध्य आफ्रिकेत आढळणाऱ्या गॅम्बियन्स प्रकारात रुग्णाचे वय किमान सहा वर्षे व वजन किमान २० किलो असेल आणि मेंदूला गंभीर बाधा झाल्याची लक्षणे नसतील, तर थेट गोळ्या सुरू करता येतात. परंतु भ्रमिष्टपणा, तोल जाणे किंवा बोलण्यात अडखळणे दिसले, तर पाणी तपासावेच लागते. त्यात दर मायक्रोलिटरमागे १०० किंवा त्याहून अधिक पांढऱ्या पेशी आढळल्यास सात दिवस सलाईनमधून इफ्लोर्निथिन आणि दहा दिवस तोंडावाटे निफर्टिमॉक्स, हा जोडउपचारच श्रेयस्कर ठरतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताक व मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील चाचणीत उशिराच्या अवस्थेतील रुग्णांमध्ये अठरा महिन्यांनंतर गोळ्यांना सुमारे ९१ टक्के, तर जोडउपचाराला सुमारे ९८ टक्के यश मिळाले होते. मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त औषध पाच ते दहा टक्के रुग्णांच्या मेंदूला घातक सूज आणत असे आणि त्यांतील निम्मे दगावत. ते गॅम्बियन्सच्या नेहमीच्या उपचारातून गेले, याचे मला मनापासून समाधान वाटते.

प्रतिसाद २:
एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी. फेक्सिनिडाझोल रिकाम्या पोटी पुरेसे शोषले जात नाही, म्हणून दहाही दिवस प्रत्येक मात्रा जेवणासोबत आणि आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखत द्यावी लागते. उलट्यांचा त्रास बराच होतो. रुग्णाच्या जेवणाची सोय हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे.

प्रतिसाद ३:
पूर्व आफ्रिकेतील ऱ्होडेसियन्स प्रकार झपाट्याने वाढतो आणि त्याच्या दुसऱ्या अवस्थेत मेलार्सोप्रॉललाच पर्याय नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तिथेही फेक्सिनिडाझोलची शिफारस केली. भारतात निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशी नाही, तरी २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात निद्रारोगाच्या परजीवीच्याच कुळातला, जनावरांना ‘सर्रा’ रोग करणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय सापडला होता. या परजीवीला मारणारे एपोएल-१ प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते. पाठीतील पाण्याच्या तपासणीत मेंदूला बाधा आढळली नाही, त्यामुळे मेंदूत फारसे न पोहोचणारे सुरामिन हे औषध त्याला पुरेसे ठरले आणि तो बरा झाला.