शहजादा, राजपुत्र की युवराज?

गवती_चहा
दिवाळी अंकासाठी उस्मानी (ऑटोमन) तुर्कांवरचा एक लेख मराठीत आणतेय. प्रसंग असा, की जुलै १४०२ मधे अंकाऱ्याजवळ तैमूरलंगाने सुलतान बायझिदला धरलं, पुढच्या मार्चमधे तो कैदेतच गेला, आणि पोरांची गादीसाठी जी जुंपली ती १४१३ पर्यंत. मी लिहिलं, 'बायझिदचे युवराज एकमेकांच्या जिवावर उठले.' संपादकांनी 'युवराज'वर काट मारून 'राजपुत्र' केलं, का तर म्हणे युवराज एकच असतो. आमच्याकडे सरपंचाच्या पोरालाही युवराज म्हणतात! कोण बरोबर? आणि त्या अकरा वर्षांना तुर्कीत 'फेत्रेत' म्हणतात, त्यालाही शब्द सुचवा.

मोडीवाचक
संपादक बरोबर. युवराज हे नातं नाही, पद आहे. १६७४ च्या राज्याभिषेकात संभाजीराजे युवराज झाले, राजाराम महाराजही छत्रपतींचेच पुत्र पण ते नव्हे. आणि उस्मान्यांकडे तर हे पदच नव्हतं. थोरला म्हणून मान नाही, अमुक राणीचा म्हणून नाही, सगळ्या मुलांचा हक्क सारखा, एकेकाला एकेक प्रांत सांभाळायला दिलेला, आणि बाप गेला की जो टिकेल त्यालाच देवाने निवडलं असं समजायचं. 'पाच युवराज' म्हटलंत तर सगळा तंटाच कळेनासा होतो, कारण ठरलेला युवराज असता तर तंटा कशाला झाला असता?

कंदीपेढा
शहजादे लिहा आणि मोकळ्या व्हा. तुर्कीतही शेहझादेच आहे.

आडवातिडवा
राजपुत्र हा चांगला शब्द घरात असताना शहजादा कशाला? शिवाय शहजादा म्हटलं की वाचकाला आग्रा-दिल्ली दिसते.

कंदीपेढा
दिसू दे की. तिथेही शहाजहानच्या चार पोरांनी हेच केलं. आणि वर याच चर्चेत 'हक्क' आलाय, तो शुद्ध करून घेतलात का? हक्क अरबी आहे मालक.

मोडीवाचक
भांडू नका, त्या मुलांना त्या काळी 'चेलेबी' म्हणत. सुलेमान चेलेबी, इसा चेलेबी, मूसा चेलेबी, मेहमेद चेलेबी. थोरामोठ्या घरचा, सुसंस्कृत माणूस असा काहीसा अर्थ, आपल्याकडच्या 'राव'च्या जवळ जाणारा.

घाटावरची
फेत्रेतला सरळ भाऊबंदकी म्हणा ना!

आडवातिडवा
ताई, भाऊबंदकी म्हणजे बांधाची भांडणं. माणसं मारणं नव्हे.

घाटावरची
बांधाचं मला नका सांगू, आमच्या आजोबांची नि चुलत आजोबांची केस दोन फूट बांधावरून कोर्टात वर्षानुवर्षं चालली आणि तारखेला दोघं एकाच एसटीने जायचे, येताना एकाच टपरीवर चहा, पैसे कोण देणार यावरून परत भांडण. पण खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' नाटक १९०९ चं, त्यात तर नारायणरावांचा खून आहे! मग शब्दात खून बसतो की नाही?

आडवातिडवा
तो काकाने पुतण्याचा करवला. इथे भाऊ-भाऊ आहेत. यादवी म्हणा.

कंदीपेढा
यादवीत सगळेच संपतात हो, प्रभासक्षेत्री उरलं कोण? इथे एक, मेहमेद, उरला आणि त्याच्या वंशाने पुढे पाचशे वर्षं राज्य केलं. इसा आधी संपला. मग मेहमेदने मूसाला वालाकियामार्गे (आजचा दक्षिण रुमानिया) सुलेमानच्या पाठीवर सोडला. सुलेमान एदिर्नेला, त्याच्या राजधानीत, हमामखान्यात पीत बसलेला, मूसा आला म्हणून सांगायला गेलेल्या जॅनिसरींच्या (सुलतानाच्या खास पायदळाच्या) आगाची, म्हणजे सरदाराची, म्हणे याने दाढीच उतरवली, तो आगा तडक जाऊन मूसाला मिळाला. सुलेमान कॉन्स्टँटिनोपलकडे पळताना वाटेतच मारला गेला, फेब्रुवारी १४११. मग मेहमेदने बायझंटाईन सम्राटाशी संधान बांधून मूसाला गाठलं, जुलै १४१३, आजच्या बल्गेरियात सामोकोवजवळ चामुर्लूला. चामुर म्हणजे चिखल, म्हणजे आपली चिखलीच.

मोडीवाचक
फेत्रेत मूळ अरबी 'फतरा', एक पैगंबर गेला आणि दुसरा यायचाय तो मधला काळ. म्हणजे शब्द भांडणाचा नाहीच, खंडाचा आहे. नंतरच्या बखरकारांना 'चार भाऊ चार ठिकाणी सुलतान होते' असं म्हणायचं नव्हतं, म्हणून मधे सुलतानच नव्हता असं ठरवलं. मेहमेदने त्या काळात स्वतःच्या नाण्यावर तैमूरचंही नाव घातलं होतं, तेही झाकलं जातं. भाऊबंदकी किंवा यादवी लिहिलंत तर ही लपवाछपवी मराठीत येणारच नाही. 'खंडकाळ' बघा.

घाटावरची
खंडकाळ कुणी बोलतं का घरी?

आडवातिडवा
मग अनागोंदी. आनेगुंदी हे विजयनगरचं जुनं ठाणं, त्यावरून आलाय शब्द, राज्य बुडाल्यावरचा गोंधळ.

कंदीपेढा
ही व्युत्पत्ती मी कितीदा ऐकलीये पण पुरावा म्हणून 'आवाज सारखा आहे' यापलीकडे कुणी काही देत नाही.

मोडीवाचक
अवांतर, पण लेखात हे येईलच म्हणून. पाचवा भाऊ मुस्तफा अंकाऱ्याच्या लढाईत नाहीसा झाला आणि १४१५ च्या सुमाराला एक जण 'मीच तो' म्हणत उभा राहिला. तुर्की बखरी त्याला 'दुझ्मे मुस्तफा' म्हणतात, म्हणजे बनावट.

कंदीपेढा
तोतया! सदाशिवरावभाऊंच्या तोतयासारखा, त्याचा निकाल १७७६ ला लागला.

मोडीवाचक
तिथेच थांबा. आज बरेच इतिहासकार म्हणतात की तो खरा मुस्तफा असावा. राजघराण्यातल्याचं रक्त सांडायचं नाही म्हणून त्यांना धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारायचे. याला पुतण्या मुराद दुसरा याने १४२२ ला एदिर्नेत चारचौघात फाशी दिली, चोराला देतात तशी, हा घरातला नाहीच हे लोकांना दिसावं म्हणून. तोतया लिहिलंत की तुम्ही मुरादच्या पक्षात गेलात.

घाटावरची
मग 'तथाकथित तोतया'? ई, कोर्टाच्या बातमीसारखं वाटतंय.

गवती_चहा
मंडळी, अंक छापायला जायचाय. आणि पुढे मेहमेद दुसऱ्याचा कायदाही आहे, गादीवर येणाऱ्याने 'निझाम-इ-आलम'साठी भावांना मारलं तरी ते रास्त. त्याला 'जगाची घडी नीट राहावी म्हणून' चालेल?

कंदीपेढा
घडी मस्त. घडी बसवायला भावाला मारणं, वा.

घाटावरची
मला एक सांगा, आमच्याकडे वांड पोराला 'बाजिंदा' म्हणतात, तो या बायझिदवरूनच आला असणार ना? तोही तसलाच, बाप कोसोवोच्या रणात पडल्या पडल्या याने भाऊ याकूबला संपवलं, १३८९.

मोडीवाचक
नाही हो. फारसीत बाझिंदा म्हणजे खेळणारा, खेळिया. सुलतानाचा काही संबंध नाही.

आडवातिडवा
म्हणजे बाजीप्रभूंमधला बाजी पण खेळातलाच म्हणायचा का? तो तर संस्कृत वाजिन्, घोडा.

कंदीपेढा
झालं, आता घोडा आला. आमच्याकडे पत्त्यात बाजी लावतात, तिथे कुठला घोडा?