मदत हवी आहे: पाण्याचा हा सल्ला खरा की खोटा, कसं ओळखायचं?

मुग्धा_क:
लवकर सांगा, घरात रोज वाद होतोय. आईच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज आलाय: दिवसाला ४ लिटर पाणी प्या, २१ दिवसांत शरीर शुद्ध होतं. लिहिणाऱ्याच्या नावामागे 'डॉ.' आहे. आई रोज सकाळी ओट्यावर चार बाटल्या भरून मांडते आणि रात्रीपर्यंत संपवते. भाऊ म्हणतो, पाण्याने कुणाचं काय बिघडलंय? मला पटत नाही, पण त्याला दाखवू काय?

धूमकेतू:
२१ दिवसांचं खरं आहे. मी तसंच पहाटे उठायला लागलो.

जुना_वाचक:
नाही हो. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण. पुढे लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला. सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस निघाले.

धूमकेतू:
मला २१च लागले.

रेवा:
आईंचं वय? गोळ्या कोणत्या? आणि त्या मेसेजच्या तळाशी काही विकायला आहे का?

मुग्धा_क:
६८. बीपीची गोळी आहे, ती काय सगळ्यांनाच असते. खाली कसल्याशा पावडरची लिंक आहे. पण मी सल्ल्याबद्दल विचारतेय, आईबद्दल नाही.

टिचकी:
मी फोनवर दर तासाला घंटा लावलीय. वाजली की एक ग्लास. फार सोपं पडतं.

जुना_वाचक:
पाण्याचंही तसंच. १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने अडीच लिटर म्हटलं, पण त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं हे लगेच पुढे लिहिलं होतं. लोकांनी ते वाक्य गाळलं.

रेवा:
मुग्धा, हे सगळं निरोगी माणसाचं. गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि नावं इथे लिहा.

मुग्धा_क:
फ्युरोसेमाइड, कार्व्हेडिलॉल. गेल्या वर्षी हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं, तेव्हा दीड लिटरच्या वर पाणी नको म्हणाले होते. आता बरी दिसते म्हणून आम्ही विसरलोच.

रेवा:
अहो, हे आधी सांगायचं ना! फ्युरोसेमाइड अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढायला देतात. चार लिटर आत्ता बंद, लिहून दिलेल्या मापावर या. वजन करा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ, पायांना सूज किंवा आडवं झाल्यावर धाप, यातलं काहीही असलं तर आजच डॉक्टरांना फोन. माझ्या वडिलांच्या पायावर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उठायचा, आम्हाला पहिल्यांदा तेच दिसलं.

धूमकेतू:
आईंना माझं काही लागू नाही. आधी फोन करा.

मुग्धा_क:
मंगळवारपेक्षा २.४ किलो जास्त. घोट्याजवळ बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतोय. डॉक्टरांनी आत्ताच बोलावलंय, निघतोय. भावाला हे वाचायला दिलं. बाटल्या त्यानेच रिकाम्या केल्या.

टिचकी:
मला मुतखडा होऊन गेलाय, मला तर भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. मग मीही कमी करू का?

रेवा:
अजिबात नाही, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच प्या. मुग्धा, पोचलात की कळवा.