स्मोक्ड साल्मन आणलाय, घरात बायको पाचव्या महिन्यात, द्यायचा का?

खारघरचा_बंड्या
मंडळी जरा लवकर सांगा. मेव्हणा परवा ओस्लोहून आला, येताना स्मोक्ड साल्मनची दोन व्हॅक्युम पाकिटं घेऊन आला, चेक-इन बॅगेत टॉवेलात गुंडाळून. आता फ्रिजमध्ये आहेत. बायकोला पाचवा चालू आहे आणि आई बीपीची गोळी घेते. मेव्हणा म्हणतो तिकडे ब्रेडवर ठेवून सर्रास खातात, ओमेगा थ्री असतं, बाळाच्या मेंदूला चांगलं. आई म्हणते धुरात ठेवलेला म्हणजे शिजलेलाच की. गुगल केलं तर एकीकडे अमृत, दुसरीकडे कॅन्सर. नक्की काय?

सीवूड्सची_मावशी
आईंचं तिथेच चुकतंय रे. धूर दोन तऱ्हेचा असतो. गरम धुरात मासा खरंच शिजतो, बोटाने सुटा होतो. पण तुझे ते तकतकीत पातळ काप असतील ना, ते थंड धुरातले, ३० डिग्रीच्या आत धरलेले, म्हणजे मिठात मुरवलेला कच्चा मासाच. त्यात लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो आणि तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर बाईला स्वतःला साधा तापच आल्यासारखं वाटतं, पण गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ वेळेआधी येतं. द्यायचाच असेल तर वाफा येईपर्यंत आतून नीट शिजवून, गरम गरम.
आणि आईंसाठी पाकिटामागचं मीठ बघ. १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या आसपास सापडेल. डब्ल्यूएचओ अख्ख्या दिवसाला ५ ग्रॅमच्या आत रहा म्हणते, आपली आमटी भाजी लोणचं सगळं धरून.

दिवाळ्याचा_कोळी
ओमेगासाठी नॉर्वे कशाला, ताजी तारली नाय तर बांगडा घे की बाजारातून. आमच्याकडं बोंबील वलांडीवर उन्हात सुकतात, ना धूर ना मीठ. खारा बांगडा मात्र मिठातला, तो आईला नको देऊ. बाकी चुलीवर सुका बोंबील भाजून खातो त्याचं काय मावशी, तोपण स्मोक्डच झाला ना 😄

सीवूड्सची_मावशी
भाजा, पण काळा करू नका दादा. धुरात आणि करपलेल्यात बेंझोपायरीन तयार होतं, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे ते. युरोपात स्मोक्ड माशात किलोमागे २ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. कधीमधी खाल्लं म्हणून कोणी लगेच आजारी पडत नाही, रोजचं नको एवढंच.

तळोजा_कोल्डस्टोअर
सगळे लिस्टेरिया आणि कॅन्सरवर बोलताय, त्या टॉवेलाकडे कोणाचंच लक्ष नाही. मी फिश एक्स्पोर्टच्या कोल्ड स्टोरेजला आहे. ओस्लोच्या घरून खारघरच्या घरी म्हणजे १५ तास तरी धरा, बॅग कुठे पट्ट्यावर कुठे टॅक्सीत, बर्फ नाही काही नाही. व्हॅक्युम पॅकमध्ये हवा नसते आणि बोट्युलिझमच्या (अन्नात विष तयार होऊन नसा लुळ्या पडतात तो आजार) जंतूला नेमकं तेच लागतं, म्हणून ही पाकिटं सतत ३-४ डिग्रीच्या खालीच ठेवायची असतात. परत फ्रिजमध्ये टाकल्याने झालेलं उलटत नाही. वास बघून कळेल म्हणाल तर तेही नाही, विष असूनही मासा छान वास मारतो. शिजवून बिजवून नका देऊ, फेका. महाग असेल, माहितीये.

खारघरचा_बंड्या
मेव्हणा रुसलाय पण पाकिटं फेकायला काढली. काढली तर एकच निघालं. दुसरं बाबांनी दुपारी चपातीत गुंडाळून संपवलंय, वर लिंबू पिळून 🤦

तळोजा_कोल्डस्टोअर
घाबरू नका, बहुतेक काही होणार नाही. पण एकदोन दिवस नीट लक्ष ठेवा, त्यानंतरही थोडे दिवस नजर असू द्या. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होऊन मिटणं, गिळायला त्रास, जीभ अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, आणि काय खाल्लं होतं ते आधी सांगा. रिकामं पाकीट टाकू नका, जवळ ठेवा.

खारघरचा_बंड्या
पाकीट कचऱ्यातून काढून पिशवीत बांधलंय. दर तासाला जाऊन बाबांना विचारतोय किती बोटं दिसतात. आत्ता म्हणाले एकच, आणि ते तुझ्या नाकाशी येतंय, मॅच बघू दे.