सेफ्टीची कागदपत्रं इंटीरियर डिझायनरच्या गळ्यात का?

खडू_फूटपट्टी: चालू कामात क्लायंटच्या सल्लागाराने माझ्याकडे डिझाइन रिस्क रजिस्टर, म्हणजे डिझाइनमुळे येणाऱ्या धोक्यांचा तक्ता, मागितलंय. साइट काँट्रॅक्टरची, माणसं त्याची, हेल्मेटंही त्याचीच. मग लॅमिनेट आणि लाइट ठरवणाऱ्याने हे तक्ते का भरायचे? फीमध्ये याचा एक पैसा धरलेला नाही. उद्या काही झालं तर माझ्याच सहीचा कागद आधी बाहेर निघणार!

साइटवरचा: हेल्मेट त्याचं, मान्य. पण ओट्याला क्वार्ट्झचा कृत्रिम दगड कोणी ठरवला? त्यात सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. सिंकचा कटआउट साइटवर कोरडाच मारला की ती बारीक धूळ कापणाऱ्याच्या फुफ्फुसात जाते. त्यातून होणारा फुफ्फुसाचा आजार, सिलिकोसिस, एकदा झाला की बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. तुम्ही मटेरियल बदललंत तर हा धोका साइटवर पोचतच नाही. निदान ड्रॉइंगवर ‘कटआउट वर्कशॉपमध्येच, पाण्याखाली’ एवढं तरी लिहा. काँट्रॅक्टरच्या हातात येईपर्यंत दगड ठरलेला असतो.

खडू_फूटपट्टी: मग ती एक ओळ लिहितो की! मला पाठवलेल्या टेम्प्लेटमध्ये ‘क्रेनखाली उभे राहू नये’ असं आहे. अहो, काम पडदे आणि फर्निचरचं आहे.

कलमबहाद्दर: टेम्प्लेट फेकून द्या. ब्रिटनचे बांधकामातल्या सुरक्षेचे २०१५चे सीडीएम नियम बघा. मटेरियल स्पेसिफाय करणाराही तिथे डिझायनरच, त्यामुळे इंटीरियरवाले सुटत नाहीत. पण अमुक नमुन्यातलाच तक्ता भरा, असं त्यात कुठेही नाही. धोका टाळा, टळत नसेल तर कमी करा, उरेल तो पुढच्याला कळवा. बाकीची पानं सल्लागारांनी वाढवलेली असतात.

आधी_फी: ‘कळवा’ म्हणायला काय जातंय! कळवलं म्हणजे माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणजे जबाबदारी आली. जुन्या इमारतीतलं सीलिंग उघडलं आणि अॅस्बेस्टॉस, म्हणजे ते श्वासातून गेलं की घातक ठरणारं तंतूंचं मटेरियल, निघालं तर? ते ओळखायचं शिक्षण मला कोणी दिलंय? आधी इन्शुरन्सची पॉलिसी वाचा, मग सही करा.

साइटवरचा: ओळखू नका, रिपोर्ट मागा. ‘तोडफोडीआधी सर्व्हे करून द्या’ असा क्लायंटला मेल टाका. तो मेल फाइलला राहिला की उद्या तुम्हालाच उपयोगी पडेल. आणि साइट आमच्या ताब्यातून गेल्यावरही धोके उरतातच. दुमजली उंचीच्या हॉलमध्ये झुंबर लावता, त्याचा दिवा बदलायला कोण चढणार? झुंबर खाली उतरवणारी विंच ड्रॉइंगमध्येच दाखवली असती तर शिडी लागलीच नसती.

आधी_फी: विंच दाखवली होती. खर्च कमी करताना पहिली तीच उडवली.

कलमबहाद्दर: कोणी उडवली आणि कधी, एवढंच रजिस्टरमध्ये लिहायचं असतं.

खडू_फूटपट्टी: हे पटलं. पण फुकट नाही करणार. कोटेशनमध्ये वेगळी रक्कम लावतोय.

आधी_फी: लावा. पुढच्या कामाला क्लायंट ती रक्कम न लावणाऱ्याकडे जाईल, तेव्हा इथे येऊन सांगा.