चर्चवाले फक्त स्वतःच्याच लोकांचं बघतात का?

वर कोणीतरी विचारलंय की चर्चचे स्वयंसेवक फक्त आपल्याच मंडळींना मदत करतात ना, म्हणून आमच्या बडोद्याचं सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, २६ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे पडली होती आणि आमच्या समा भागातल्या सोसायटीत कमरेपर्यंत पाणी, लाईट नाही, प्यायला पाणी नाही. तिसऱ्या दिवशी फत्तेगंजकडची चर्चची पोरं खिचडीचे डबे घेऊन चिखल तुडवत आली, नाव-जात-धर्म काही विचारलं नाही, फक्त घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल आहे का एवढंच. आमच्या आत्याच्या इन्सुलिनसाठी त्यातला एकजण कुठून तरी बर्फ घेऊन आला, ते मी जन्मात विसरणार नाही. आणि खरं काम पाणी उतरल्यावर असतं हो, तेव्हा फोटो काढणारे निघून गेलेले असतात. ही पोरं मात्र फावडी आणि वायपर घेऊन दोन दिवस तळमजल्यांतला गाळ काढत होती.

बाकी गावाबाहेर जाऊन मदत करणंही नवीन नाही. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, इथले जुने लोक ज्याला छप्पनियो म्हणतात तो, तेव्हा पंडिता रमाबाईंनी इथल्या शेकडो निराधार मुली-बायकांना थेट पुण्याजवळ केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला, शिक्षण दिलं, हाताला काम शिकवलं. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून आपल्या लोकांनी त्यांना बरंच दूर ठेवलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.