‘ह्यू लिंडसे’ला इतके थांबे का घ्यावे लागले?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): आमच्या वाचकमंडळात मुंबई गोदीत वाडियांनी बांधलेल्या आणि १८२९ साली पाण्यात उतरलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या वाफेच्या सशस्त्र नौकेचा विषय निघाला. सुएझच्या पहिल्या सफरीत तिला वाटेत इतके थांबे का घ्यावे लागले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: कोळशासाठी. प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने असलेल्या या ४११ टनी नौकेत जेमतेम साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय होती आणि एडन तर अकरा दिवसांच्या वाटेवर. म्हणून २० मार्च १८३० रोजी निघताना कमांडर जॉन विल्सन यांनी राहण्याच्या खोल्या आणि डेकसुद्धा कोळशाने भरून घेतले. त्या भाराने नौका खोल बसली, दोन्ही बाजूंची वल्हेरी चाके प्रमाणाबाहेर बुडाली आणि एडन आले तेव्हा काही तासांपुरताच कोळसा शिल्लक होता.

उत्तर २ (मांडवी, वडोदरा): थोडी भर घालतो. तो कोळसाही बंदरोबंदरी आधी शिडाच्या जहाजांनीच पोहोचवावा लागे. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते.

प्रश्नकर्ता: दोघांचेही मनःपूर्वक आभार. रविवारच्या बैठकीत हे वाचून दाखवीन.