रीमॅप केला म्हणून लगेच पक क्लच? जरा थांबा!

घाटवळण:
कालच्या पोस्टमध्ये एका सद्गृहस्थांनी ठोकून दिलं, "रीमॅपनंतर ऑरगॅनिक प्लेट म्हणजे पैसे पाण्यात, सरळ सहा पकची सिरॅमिक टाका." राहवलं नाही. (नवख्यांसाठी: रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं. ऑरगॅनिक म्हणजे कंपनीच्या गाडीत येते तसली साधी क्लच प्लेट; पक म्हणजे अख्ख्या गोल अस्तराऐवजी सुटे तुकडे लावलेली.) माझी स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, कंपनीचा टॉर्क २५० एनएम, रीमॅपनंतर ३०० च्या वर. पाचव्यात पाय दाबला की आरपीएमचा काटा उडायचा, गाडी आपली तिथेच, म्हणजे क्लच घसरत होता. असाच सल्ला ऐकून पक टाकली. पहिल्याच संध्याकाळी कात्रज चौकात गाडी बेडकासारखी उड्या मारत निघाली! पक धरते नाहीतर सोडते, मधलं काही नाही. ८ महिन्यांत क्लच बदलायला पुन्हा गिअरबॉक्स खाली. आता ऑरगॅनिक प्लेट आणि तिला दाबून धरणारी कडक प्रेशर प्लेट. पकड दाबानेही वाढते हो.

तिसरा_गिअर:
ते सद्गृहस्थ मीच. कोइम्बतूरच्या करी रेस ट्रॅकवर गाडी नेलीत कधी? ऑरगॅनिक तापली की जळका वास, मग घसरण. आणि कडक प्रेशर प्लेटने पेडल जड होतं, इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार येतो, हे सोयीस्कर विसरलात.

घाटवळण:
लॅप मारताना क्लच फारसा तापत नाही, तापतो तो लाँच मारताना, म्हणजे उभी गाडी जोरात सोडताना. आणि वर्षातले २ दिवस करी, उरलेले ३६३ सिंहगड रोड. हिशोब करा.

ग्रीसमामा:
कुठलाही टाका, क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्यांचं काही खरं नाही. खंबाटकीच्या चढाला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात! हँडब्रेक काय शोभेला दिलाय?

बिनकामाचा:
मामा, मागचा ट्रकवाला हॉर्न बडवत असतो तेव्हा हँडब्रेक आठवत नाही. १७ वर्षं हाफ क्लच वापरतोय, प्लेट ९० हजार किलोमीटर चालली.

ग्रीसमामा:
माझी दीड लाखाला पण शाबूत होती.

बिनकामाचा:
तेव्हा रस्त्यावर तुम्ही एकटेच होतात ना!

ग्रीसमामा:
वय काढू नका. चालवता येत नाही हे मान्य करा.

घाटवळण:
अहो, धागा क्लच प्लेटचा आहे, संस्कारांचा नाही.

तिसरा_गिअर:
बरं, रोजच्या गाडीला ऑरगॅनिक, मान्य. झालं समाधान? फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर दाबला जातो ते इंजिनचं जड चाक, कुठलं ठेवलंत ते सांगा.

घाटवळण:
ड्युअल मास (दोन भागांचं, आत स्प्रिंगने धक्के शोषणारं) गेलं होतं, सिंगल मास (एकसंध) टाकलं. न्यूट्रलला थोडी खडखड येते.

तिसरा_गिअर:
म्हणजे उड्या नकोत, खडखड चालते. वा!